रंगीत तालमीचा प्रेक्षक: खरे मत कसे द्यावे आणि कसे घ्यावे

हौशी एकांकिकेच्या संचाला प्रेक्षकाचे खरे मत हवे असते ते प्रयोगाच्या आधी, आणि मिळते ते बहुधा प्रयोगानंतर, रंगपटाच्या दारात घाईघाईने म्हटलेल्या 'छान झालं' या दोन शब्दांत. स्पर्धेत परीक्षक बोलतात हे खरे, परंतु तोवर त्या फेरीपुरते करण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून तालमीला निवडक प्रेक्षक बोलावण्याची पद्धत मुंबईतल्या प्रत्येक संचाने, मग तो महाविद्यालयाचा असो, बँकेतल्या कर्मचाऱ्यांचा असो वा कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरणारा असो, लावून घ्यावी असे मला आग्रहाने वाटते. मात्र या पद्धतीत दोन्ही बाजूंनी काही रीत पाळावी लागते. ती पाळली नाही तर संचात कडवटपणा येतो आणि एकांकिका होती तिथेच राहते.

सर्वांत आधी प्रेक्षकाकडून नेमके काय मागायचे हे ठरवावे. संहिता कशी सुधारावी आणि शेवट कसा बदलावा हे सांगणारी माणसे आपल्याकडे वाटेल तेवढी भेटतात. प्रेक्षकापाशी जे असते आणि दुसऱ्या कोणापाशीही नसते, ते म्हणजे पहिल्यांदा पाहताना त्याला स्वतःला काय झाले याची माहिती: तो कुठे गुंतला, कुठे त्याचे लक्ष उडाले, कोण कोणाचा कोण हे त्याला केव्हा उमगले, कशाचे हसू आले आणि जिथे भीती वाटायला हवी होती तिथे ती वाटली का. दिग्दर्शकाला ही माहिती स्वतःच्या बळावर कधीही मिळू शकत नाही, कारण पुढचे प्रत्येक वाक्य त्याला पाठ असते. तेव्हा प्रेक्षकाने आपल्या अनुभवाची प्रामाणिक हकीकत सांगावी आणि उपाय शोधण्याचे काम संचावर सोडावे, एवढी एक गोष्ट दोघांनी मान्य केली तरी निम्मे वाद होण्याआधीच मिटतात.

हा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात २७ वा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी, म्हणजे यशाविषयी आहे. त्यात मानुषी, म्हणजे माणसांच्या प्रतिसादातून दिसणाऱ्या, सिद्धीची जी लक्षणे दिली आहेत ती प्रेक्षकाच्या तोंडून आणि शरीरातून प्रकट होणारी आहेत: स्मित, अर्धे हसू, मोठे हसू, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार, अंगावर येणारा रोमांच, जागेवरून उठणे. दैवी सिद्धी मात्र अशी सांगितली आहे, की जिथे आवाज नाही, खळबळ नाही, उत्पात नाही आणि प्रेक्षागृह भरलेले आहे. भरलेल्या प्रेक्षागृहातल्या शांततेलाही यशाची खूण मानणारा हा विचार तालमीच्या खोलीत आजही जसाच्या तसा उपयोगी पडतो.

बोलावायचे कोणाला, हा पुढचा प्रश्न आहे. आठ-दहा माणसे पुरेत. त्यांत संहितेचे वाचन ऐकलेले कोणी नसावे, कारण पुढे काय होणार हे माहीत असलेल्या माणसाला कुठे गोंधळ होतो ते कळत नाही. नाटकवाले दोघेतिघेच असावेत. बाकीचे शेजारी, कार्यालयातले सहकारी, कोणाची आई, कोणाचा धाकटा भाऊ असे असावेत. येथे एक गोष्ट पुष्कळ संच विसरतात: प्रत्येक माणूस पहिल्यांदा पाहणारा म्हणून एकदाच उपलब्ध असतो. सगळ्यांना एकाच तालमीला बोलावले तर दुरुस्तीनंतर ताजी नजर उरत नाही. म्हणून यादीचे दोन भाग करावेत. निम्मे प्रयोगाच्या सुमारे तीन आठवडे आधी आणि निम्मे रंगीत तालमीला, म्हणजे वेशभूषा आणि प्रकाशासह होणाऱ्या शेवटच्या तालमीला.

या दोन वेळांना मागायचे मतही वेगळे असते. तीन आठवडे हातात असताना एखादा प्रवेश गाळता येतो, पात्राची ओळख आधी आणता येते, शेवटही नव्याने लिहिता येतो. रंगीत तालमीला, म्हणजे प्रयोग दोन-तीन दिवसांवर आला असताना, ऐकू न येणारी वाक्ये, अंधारात राहणारे चेहरे, लांबलेला ब्लॅकआउट आणि वेळ एवढ्यावरच बोलावे. स्पर्धेत वेळेची मर्यादा ओलांडणे महागात पडते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात कुठे कंटाळा आला हे सांगणारा प्रेक्षक फार मोलाचा असतो. अनेक स्पर्धांची प्राथमिक फेरी नेपथ्य आणि प्रकाशयोजनेशिवाय होते. त्या फेरीसाठी तयारी चालू असेल तर प्रेक्षकाला ते आधी सांगावे, नाहीतर तो रिकाम्या जागेबद्दलच बोलत बसतो. प्रयोगाच्या दिवशी कोणी काहीही सुचवू नये, मग सुचवणारा कितीही जाणता असो. मेकअपला बसलेल्या नटाला 'त्या वाक्याला थोडा पॉज घे' असे सांगितले, की तो उरलेला प्रयोग त्या एका पॉजची वाट पाहत करतो.

तालमीची जागा बहुधा शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचा हॉल असते, आणि यात एक मोठा लाभ दडलेला आहे. शिवाजी मंदिर किंवा साहित्य संघ अशा नाट्यगृहांत दिवे गेल्यावर प्रेक्षक दिसत नाही. वर्गाच्या उजेडात तो पूर्ण दिसतो. १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या छोट्या सभागृहात जे प्रयोग केले, तिथे प्रेक्षक नटांच्या इतक्या जवळ बसत की कोणाचे काय चालले आहे हे लपणे अवघड होते. या जवळिकीचा उपयोग असा करावा. संचातल्या एका माणसाने, शक्यतो प्रॉम्प्टिंग (नटांना विसरलेली वाक्ये सुचवण्याचे काम) न करणाऱ्या, नटांकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून कडेला बसावे. त्याच्या मांडीवर संहितेची एक प्रत आणि हातात पेन्सिल असावी. ज्या वाक्याला कोणी हसले तिथे समासात 'हसले', ज्या वाक्याला खुर्च्या करकरल्या तिथे 'हलले', जिथे कोणी घड्याळ किंवा मोबाइल पाहिला तिथे 'गेले', आणि जिथे सगळे एकदम गप्प झाले तिथे एक उभी रेघ, एवढेच लिहावे. आपले मत त्यात मिसळू नये. तालीम संपल्यावर अकराव्या पानावर ओळीने चार 'हलले' दिसले, तर त्या पानाविषयी कोणाशी वाद घालण्याचे कारण उरत नाही. प्रेक्षक चर्चेत सौजन्याने काहीही म्हणोत, त्यांच्या शरीराने आपले म्हणणे आधीच नोंदवलेले असते.

तालीम संपल्यावर लगेच बोलायला लावू नये. आधी सर्वांच्या हातात कोरे कागद द्यावेत आणि पाच मिनिटे गप्प बसून लिहायला सांगावे. ही पाच मिनिटे मला या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतात. आपल्याकडे वयाचा आणि अनुभवाचा मान राखला जातो, तो राखला जावाही; परंतु एकदा 'सर' किंवा 'मॅडम' बोलले, की बाकीच्यांचे अनुभव त्यांच्या वाक्यांभोवती गोळा होऊ लागतात आणि ज्याला खरोखर वेगळे काही वाटले होते तो 'सरांनी म्हटलंच आहे' असे म्हणून मोकळा होतो. लिहून झालेले असेल तर ते पुसले जात नाही. बोलण्याचा क्रमही उलटा ठेवावा: सर्वांत नवखा प्रेक्षक आधी, सर्वांत ज्येष्ठ शेवटी. हा क्रम सुरुवातीलाच नम्रपणे सांगितला तर कोणाही ज्येष्ठाचा अवमान होत नाही. चर्चेची वेळ आधी राखून ठेवावी. नाहीतर हॉल दहाला रिकामा करायचा असतो, कोणाला विरार तर कोणाला बदलापूर गाठायचे असते, आणि जे सर्वांसमोर व्हायला हवे ते दादरच्या पुलावर दोघातिघांत तुकड्यातुकड्याने होते आणि दुसऱ्या दिवशी विपर्यस्त होऊन संचात पोहोचते.

बोलणाऱ्याने वाक्य कसे बांधावे याची दोन उदाहरणे देतो. 'तिने इथे रडायला हवं होतं' या वाक्यात प्रेक्षक दिग्दर्शक होतो. त्याऐवजी 'ती उठून गेली तेव्हा तिला राग आला की ती खचली, हे मला कळलं नाही' असे म्हटले, तर नटीला आणि दिग्दर्शकाला काम करण्याजोगे काहीतरी मिळते; कदाचित त्यांना तो संभ्रम हवाच असेल, आणि मग काहीच बदलायला नको. तसेच 'नेपथ्य जमलं नाही' असे म्हणण्यापेक्षा 'ती खिडकी आहे की आरसा, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही' असे म्हणावे. स्तुतीलाही हाच नियम लावावा. 'कमाल काम केलंस' यातून नटाला काही शिकता येत नाही. 'वडिलांनी डबा उघडून पुन्हा बंद केला तेव्हा माझा गळा दाटून आला' यातून कोणती गोष्ट जपून ठेवायची ते त्याला कळते. संचाला दोष जितके ठाऊक नसतात तितकीच आपली बलस्थानेही ठाऊक नसतात, आणि दुरुस्तीच्या उत्साहात तीच आधी कापली जातात. मागे कोणी गाजवलेल्या भूमिकेशी तुलना करणे मात्र सर्वस्वी टाळावे.

संचाने ऐकताना खुलासा करू नये. समजा, चाळीच्या पुनर्विकासावरची एकांकिका आहे आणि तिघांनी सांगितले की शेवट पटला नाही. लेखक लगेच 'पण पत्रात सगळं स्पष्ट आहे ना!' असे म्हणाला, तर प्रेक्षक ओशाळतो आणि 'हो, माझंच लक्ष नसेल' म्हणून गप्प होतो. दिग्दर्शकाने त्याऐवजी शांतपणे विचारावे की म्हाताऱ्याने सही का केली असे तुम्हाला वाटले. उत्तरांवरून असे निघू शकते, की तिघांनाही पत्रातली तारीख ऐकूच आली नव्हती, कारण तेवढ्यात पार्श्वसंगीतात कुकरची शिट्टी होती. दोष जाणवला शेवटी, होता मात्र बराच आधी. तिघांनी तीन वेगळे उपाय सुचवले असतील, एकाने शेवट बदला, दुसऱ्याने मुलाचे पात्र वाढवा, तिसऱ्याने स्वगत घाला. तिन्ही बाजूला ठेवून शिट्टी पुढच्या वाक्यावर नेली की काम भागते. अनेकांचे पाऊल एकाच जागी अडखळले तर त्या जागेवर विश्वास ठेवावा. उपायांवर तेवढा ठेवण्याची गरज नाही.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास याच हेतूने एक चार पायऱ्यांची पद्धत आखली. तिच्यात प्रेक्षक आधी आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात, मग कलावंत प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक मत न मिसळता प्रश्न विचारतात, आणि मत अगदी शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन दिले जाते. आपल्या संचांना सगळ्या पायऱ्या मोजूनमापून करण्याची गरज नाही, पण परवानगीची पायरी आवर्जून उचलावी. 'शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' असे विचारल्याने मत सौम्य होत नाही; ऐकणारा मात्र तयार होतो. 'आज नको, परवा सांगा' असे उत्तर आले तर ते मनापासून मान्य करावे.

बहुमताचा नियम जिथे लागू होत नाही अशी एक जागा आहे. नाट्यशास्त्राच्या त्याच अध्यायात प्राश्निक, म्हणजे वाद उपस्थित झाल्यास निर्णय देणारे जाणकार, सांगितले आहेत आणि त्यांत यज्ञ जाणणारा, नट, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे दहा आहेत. ज्याचे जे क्षेत्र, त्यात त्याचा शब्द. एकांकिकेत वेसाव्याची कोळीण असेल तर तालमीला कोळीवाड्यातले कोणीतरी असलेच पाहिजे. पात्रे मालवणी बोलत असतील तर मालवणी घरात वाढलेले कोणीतरी असावे, आणि रुग्णालय दाखवले असेल तर एखादी परिचारिका. आणि त्यांच्यापैकी कोणी म्हणाले, की इथे पात्राला हसले जात नाही, आम्हाला हसले जात आहे, तर बाकीचे सगळे खळखळून हसले होते हे उत्तर होऊ शकत नाही. त्या एका माणसाला दिग्दर्शकाने स्वतंत्र वेळ देऊन पूर्ण ऐकावे.

नटाला त्याच्या अभिनयाविषयी थेट सूचना देण्याचा मोह प्रेक्षकाने आवरावा आणि जे सांगायचे ते दिग्दर्शकाला सांगावे. एका नटाच्या कानावर चार दादा-काकांच्या चार सूचना पडल्या की सहकलाकाराशी जुळलेली त्याची लय बिघडते. तालमीचे चित्रीकरण करू नये आणि शेवट बाहेर सांगू नये. स्पर्धेच्या सभागृहात 'आवाज कुणाचा' ही घोषणा आपल्या महाविद्यालयासाठी जरूर द्यावी, पण पडदा उघडण्याआधी. दुसऱ्यांच्या प्रयोगात तर तोंडातून शब्द काढू नये. संचानेही त्या जल्लोषावरून आपल्या कामाचे माप काढू नये, कारण ती माणसे आपली असतात.

प्रयोगानंतर रंगपटात भेटायला जाताना, काम आवडले नसले तरी, खोटे बोलण्याची गरज पडत नाही. पाहिलेल्यातली एक खरी, नेमकी, चांगली गोष्ट सांगावी, अभिनंदन करावे आणि निघावे. नट मुद्दाम विचारू लागला तर 'दोन गोष्टी खटकल्या, परवा निवांत बोलू' एवढेच सांगावे आणि परवा खरोखर फोन करावा.

मत दिलेल्या प्रेक्षकांना संचाने आठवड्याभरात कळवावे, की तुमच्या सांगण्यावरून अमुक बदलले आणि तमुक विचार करून तसेच ठेवले. दुसऱ्या भागाचे कारण देण्याचे बंधन नाही. फक्त ते वाचले आणि तोलले गेले हे त्यांना समजले पाहिजे, म्हणजे पुढच्या तालमीला बोलावल्यावर ती माणसे पुन्हा येतात आणि पुन्हा खरे बोलतात. प्रयोगाचा पास त्यांना आठवणीने द्यावा, आणि तो प्रयोग त्यांना हातात कागद न घेता पाहू द्यावा.