मोठी बॅग पोचणार नाही, असं धरून भरा

बॅग भरायला घेताना मी एकच गोष्ट गृहीत धरते: विमानातून उतरल्यावर मोठी बॅग माझ्या हातात पडणार नाही. एकदा रात्री उशिरा उतरले, सामानाचा पट्टा फिरत राहिला, माणसं एकेक करून निघून गेली आणि पट्टा थांबला तरी माझी बॅग आली नव्हती. ती दोन दिवसांनी मिळाली. रोजच्या गोळ्या, जादा चष्मा, चार्जर, दुसऱ्या दिवशीचे कपडे, सगळं तिच्या पोटात होतं. तेव्हापासून माझी यादी कपड्यांपासून सुरू होत नाही. कोणती वस्तू कोणत्या बॅगेत जाणार, ते आधी ठरतं, घड्या त्यानंतर.

त्याच्याही आधी तिकीट उघडून सामानाची मर्यादा वाचा. काही तिकिटांवर एकूण वजन मोजतात, काहींवर नगांची संख्या. नगांचा हिशेब असेल तर साधारणपणे एका बॅगेला 23 किलो आणि लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटीमीटर ही मर्यादा असते. जादा पैसे भरले तरी एकाच बॅगेत 32 किलोंपेक्षा जास्त सहसा घेत नाहीत, कारण ती कुणीतरी हातांनी उचलायची असते. वाटेत विमान बदलायचं असेल, विशेषतः दुसऱ्या कंपनीचं, तर दोघांचे नियम पाहा आणि जो कडक असेल तो धरा. केबिन बॅगेचं माप घेताना चाकं आणि मूठ धरूनच टेप लावा.

मग रिकामी बॅग वजन करून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कडक कवचाची चाकांची बॅग रिकामीच तीन-साडेतीन किलो भरते. केबिनसाठी सात किलोंची मर्यादा असेल तर निम्मं वजन तिथेच संपलं. लटकवायचा काटा नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा.

आता केबिन बॅग, आणि इथे घाई नको. पासपोर्ट, पैसे, कागदपत्रं, दागिने, चाव्या, चष्मा हे हातातच. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पूर्ण प्रवासाची आणि वर चार-पाच दिवसांची. एक पूर्ण जोड कपडे आणि आतले कपडे. लॅपटॉप, कॅमेरा, आणि पॉवर बँक तर हातातच हवी. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका चेक-इन सामानात चालत नाहीत. अशी बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये ती लगेच दिसते आणि विझवता येते. खाली सामानाच्या कप्प्यात तिच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही. मर्यादा एका बॅटरीला 100 वॉट-तासांची आहे (वॉट-तास म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा साठते त्याचं माप). त्यापुढे 160 पर्यंत कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेवर आकडा मिलिअँपिअर-तासांत असेल तर त्याला 3.7 ने गुणून 1000 ने भागा: 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-तासांची होते, म्हणजे चालते. छापील आकडा पुसला गेला असेल तर ती घरीच ठेवा. कॅमेऱ्याच्या सुट्ट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

या सगळ्यात माझी सर्वात कळकळीची सूचना एका छोट्या पाऊचबद्दल आहे. विमान भरलेलं असलं की वरचे कप्पे संपतात आणि दारातच तुमची केबिन बॅग खाली टाकायला घेतात. मागे रांग, हातात बोर्डिंग पास, आणि अशा वेळी बॅग उघडून पॉवर बँक शोधायची! म्हणून पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट, पैसे आणि चष्मा एकाच पाऊचमध्ये, बॅगेत अगदी वर ठेवा. बॅग गेली तरी पाऊच ओढून घेता येतं.

पातळ पदार्थांवरचा निर्बंध 2006 साली लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला तेव्हापासूनचा. बाटली 100 मिलिलीटरपर्यंतची, आणि अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजतात ते बाटलीचं माप. 200 च्या बाटलीत तळाशी थोडं उरलेलं असलं तरी ती काढून घेतात. टूथपेस्ट, जेल, क्रीम हेही यातच येतं. नवीन स्कॅनर बसवलेल्या काही विमानतळांवर हा नियम सैल झाला आहे, पण परतीचा विमानतळ तसाच असेल असं नाही, तेव्हा जुन्याच नियमाने भरा. उंचीवर केबिनमधला हवेचा दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका खाली येतो. बाटलीतली हवा फुगते आणि शांपू बाहेर ढकलते. मऊ बाटली दाबून हवा काढा, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण फिरवा.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. प्रवास कितीही लांबचा असो, आठवड्याचे कपडे पुरतात, पुढे धुवायचे. एकमेकांवर जातील असे दोन-तीन रंग निवडा. टी-शर्ट आणि आतले कपडे सुरळी करून, इस्त्रीचे कपडे सपाट घडीने वरती. हवा काढणाऱ्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन नाही, आणि त्या भरात बॅग जड होते. बुटांचा जड जोड आणि जाकीट अंगावर. दुसऱ्या जोडाच्या पोटात मोजे. जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवल्या की बॅग उभी केल्यावर पडत नाही. कात्री, चाकू मोठ्या बॅगेतच.

बॅग बंद करण्याआधी आतल्या सामानाचा फोटो काढा, नाव आणि फोन लिहिलेला कागद आत टाका, तसाच एक बाहेर लावा. मागच्या प्रवासाचे बारकोडचे सगळे कागद सोलून काढा, अगदी लहान स्टिकरसुद्धा. यंत्राने चुकीचा बारकोड वाचला तर बॅग भलतीकडे जाते. काउंटरवर मिळणारी बॅगेची पावती सांभाळा. बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला विमान कंपनीची भरपाईची जबाबदारी ठरवणारा 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून 7 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करावी लागते. भरपाईला कमाल मर्यादा आहे, म्हणूनच दागिने वर हातात सांगितले.

आदल्या रात्री दोन्ही बॅगा पुन्हा तोला. मोठीत दोन किलो मोकळे राहू द्या, परतताना लागतातच. आणि निघायच्या सकाळी भिंतीतल्या सॉकेटकडे बघा: रात्री लावलेला चार्जर काढून त्या वरच्या पाऊचमध्ये टाका.