कॅमेऱ्याची बॉडी घेऊ की लेन्स? पैसे घालवण्याआधी या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की मला फोन सुरू होतात. "दादा, बोनस आलाय, बॉडी घेऊ की लेन्स?" बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. मी विचारतो, आत्ताच्या कॅमेऱ्याने नेमकं काय जमत नाहीये? पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग ठरलेलं उत्तर, "नाही म्हणजे, क्लॅरिटी येत नाही." आता क्लॅरिटी येत नाही म्हणजे फोटो हललाय, का फोकस चुकलाय, का नॉइज म्हणजे बारीक दाणे आलेत, का भर दुपारी बाराच्या उन्हात काढलाय? ही चार वेगळी दुखणी आहेत, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि त्यातल्या निम्म्यांना तर एक रुपया लागत नाही. पण एवढं ऐकून घ्यायला वेळ कोणाला असतो, सेल रात्री बाराला संपणार असतो ना.

नॉइज आला की बॉडीला शिव्या घालणं

माझ्या भाच्याकडे कॅनन १५००डी आहे आणि सोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स (एमएमचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळ). घरातल्या बारशाचे फोटो काढले, सगळे ट्यूबलाइटच्या उजेडात, आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ६४००, बाळाच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे. लगेच म्हणतो, मामा आता फुल फ्रेमच घेतो. फुल फ्रेम म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा; त्याच्याकडचा लहान सेन्सरचा, त्याला क्रॉप म्हणतात.

मी त्याला म्हटलं थांब, आधी हिशोब कर. ५५ वर झूम केलं की ती किट लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, उजेड जास्त). एफ १.८ ची साधी लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे ६४०० च्या जागी ६४० वर तोच फोटो निघतो. आणि हीच ५.६ वाली कथा फुल फ्रेमवर चालू ठेवलीस तर फायदा किती, साधारण एक-सव्वा स्टॉप, म्हणजे दुप्पट-अडीचपट. कुठे दहापट, कुठे अडीचपट, आणि किमतीत फरक बघ म्हणजे झालं.

मात्र इथेच दुसरा खड्डा आहे. सगळे डोळे झाकून ५० एमएम एफ १.८ घेतात कारण ती स्वस्त आहे आणि यूट्यूबवर सगळे तीच सांगतात. लेन्स चांगलीच आहे, वाद नाही, पण कॅननच्या क्रॉप बॉडीवर ती ८० सारखी वागते, निकॉनच्या क्रॉपवर ७५ सारखी. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये आजी, आई आणि बाळ एका फोटोत घ्यायचे तर तुम्ही मागे सरकत सरकत थेट स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ टेकवून. क्रॉप बॉडीवर घरातल्या फोटोंना निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ १.८ डीएक्स बघावी, कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ २.८ ची ती बिस्किटाएवढी चपटी लेन्स. हिचा उजेड १.८ पेक्षा सव्वा स्टॉपने कमी, पण किटपेक्षा बराच बरा. आणि १.८ मिळाली म्हणून कायम १.८ वरच फोटो काढू नका, बाळाचा एक डोळा शार्प आणि दुसरा धुक्यात जातो. मी २.२ ते २.८ च्या मध्ये राहतो.

फुल फ्रेम बॉडी आणि जुन्या क्रॉप लेन्सा

ही चूक मी स्वतः केलीय, त्यामुळे हिच्यावर जरा सविस्तर बोलणार.

माझ्याकडे निकॉन डी५३०० होता आणि १८-१४०. तीन वर्षं छान चाललं होतं. मग एका सेकंडहँडवाल्याकडे डी७५० दिसला, ६२ हजार, शटर काउंट (किती फोटो काढून झालेत तो आकडा) कमी, बॉक्ससकट. मनात एकच, फुल फ्रेम. लेन्स नंतर बघू, सध्या १८-१४० आहेच की, माउंट (लेन्स बसायची जागा) तोच आहे, बसते. बसली. दोन आठवड्यांनी मावसभावाचं लग्न होतं साताऱ्याला, मुख्य फोटोग्राफर वेगळा होता पण हळद आणि घरचं सगळं मी काढणार असं मोठ्या तोंडाने सांगून टाकलेलं.

व्ह्यूफाइंडरमध्ये मध्यभागी एक चौकट दिसत होती. मला वाटलं असेल काहीतरी फोकसचं. आठशे फोटो काढले. महिन्याने अल्बम डिझाइनवाल्याचा फोन, "साहेब, तुमच्या फाइल छोट्या का आहेत? बारा बाय छत्तीसच्या पानावर मोठा फोटो लावायचाय, फुटतोय." मी म्हटलं शक्य नाही, चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. त्याने शांतपणे आकडा वाचून दाखवला, ३९३६ बाय २६२४. दहा मेगापिक्सेल.

झालं असं होतं की क्रॉपची लेन्स लावली की बॉडी आपोआप ओळखते आणि सेन्सरचा फक्त मधला भाग वापरते, कारण ती लेन्स तेवढ्याच भागावर चित्र टाकते. ती चौकट त्याचीच होती. म्हणजे ६२ हजार मोजून मी माझ्या जुन्या चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावरून दहावर आलो होतो, वर वजन जास्त. मेनूत जाऊन तो ऑटो क्रॉप बंद करता येतो, ते पण करून बघितलं. १८ वर चारही कोपरे काळे, विहिरीच्या तळातून वर आभाळ बघितल्यासारखं. कॅमेऱ्याची काही चूक नव्हती, मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलेलं होतं, मी उघडलं नव्हतं.

मग धावपळ करून २४-८५ घेतली, तीही जुनी, २२ हजार. एकूण ८४ हजार. आणि ती ३.५-४.५ वाली, म्हणजे उजेडाची बोंब बऱ्यापैकी तशीच. त्याच डी५३०० वर एखादी १७-५० एफ २.८ थर्ड पार्टी लेन्स जुन्या बाजारात १५ हजारात मिळत होती आणि मला जे हवं होतं त्यातलं बहुतेक तिने केलं असतं. हे मला आता कळतं, तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ते सोडा.

कॅननच्या जुन्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) एक बरं आहे, ईएफ-एस म्हणजे क्रॉपची लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसतच नाही, त्यामुळे निदान दुकानातच पोपट होतो, लग्नात होत नाही. तर फुल फ्रेमचं बजेट करताना बॉडीची किंमत कागदावर लिहा आणि खाली तेवढीच रक्कम लेन्ससाठी लिहा. ती बघून घाम फुटला तर क्रॉपवरच राहा, क्रॉपवर काही कमीपणा नाही.

लेन्सला मोटर आहे का, बॉडीला आहे का

जुन्या बाजारात निकॉनची ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळते म्हणून डी३४००, डी३५००, डी५६०० वाले आनंदाने घेऊन येतात आणि मग "लेन्स खराब निघाली, फोकसच होत नाही." खराब नाही हो. त्या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते, आणि या बॉड्यांमध्ये ती मोटर नाही. डी७००० च्या मालिकेत आहे. घेताना लेन्सवर एएफ-एस (म्हणजे मोटर आतच आहे) असं लिहिलंय का बघा, तीन अक्षरं वाचायला काय जातंय.

याच्यावरून ते प्रसिद्ध वाक्य आठवलं, "बॉडी बदलत राहते, लेन्स आयुष्यभर राहते." मीही लोकांना हे ऐकवायचो. २०१८ साली मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड माउंट आला, जुन्या लेन्सा त्यांवर थेट बसेनात आणि या वाक्याची हवा बरीच गेली. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्सा अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेसवर मस्त चालतात, ऑटोफोकससकट. निकॉनच्या एएफ-एस सुद्धा चालतात, पण त्या जुन्या डी लेन्सा निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर हाताने फोकस करायच्या, कारण मोटर तिथेही नाही. म्हणून दोन-तीन वर्षांत मिररलेसला जायचा विचार पक्का असेल तर आज डीएसएलआरच्या महाग लेन्सवर लाख रुपये टाकण्याआधी ही साखळी तपासा. विचार पक्का नसेल तर उलट मजा आहे, लोक धडाधड डीएसएलआरच्या लेन्सा विकतायत, जुन्या बाजारात चैन करा.

भिगवणचे मऊ फ्लेमिंगो

एक मित्र आहे, पक्ष्यांचा नाद. १५०-६०० झूम, २४ मेगापिक्सेलची बॉडी. दर जानेवारीत भिगवणला, उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला, आणि दर वेळी परत आला की रड, "फोटो मऊ येतात रे, पिसं दिसत नाहीत." ठरवलं बॉडी जुनी झाली. पंचेचाळीस मेगापिक्सेलची नवी घेतली, ईएमआयवर. पुढच्या जानेवारीत भिगवणजवळच्या कुंभारगावला तोच नावाडी, तीच नाव, तेच फोटो. फक्त आता मऊपणा जास्त मेगापिक्सेलमध्ये दिसायला लागला.

शेवटी मी त्याच्या घरी बसलो आणि एकेका फोटोची माहिती उघडून बघितली, जे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. वेळ, सगळे पावणेअकरा ते साडेअकरा. कारण पुण्यातून निघायला उशीर, वाटेत मिसळ. शटर स्पीड १/३२० सेकंद, ६०० एमएमवर, हलत्या नावेतून. पक्षी किती लांब, दीड-दोनशे मीटर. आणि लेन्सच्या तोंडावर चारशे रुपयांचा यूव्ही फिल्टर (वरून लावायची काच), "प्रोटेक्शन"ला.

ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतं ना तसं, आणि दोनशे मीटर असल्या हवेतून आलेलं चित्र जगातली कुठलीच लेन्स सरळ करू शकत नाही. जितकं जास्त मोठं करून बघाल तितकी थरथर मोठी. कडक थंडीत पहाटेसुद्धा पाणी हवेपेक्षा गरम असलं तर हेच होतं, म्हणून नुसतं लवकर जाऊन भागत नाही, अंतर कमी करावं लागतं. पुढच्या खेपेला मीच त्याला चार वाजता उठवून नेलं. फिल्टर काढून डब्यात. शटर बसलेल्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२०००, आयएसओ जाईल तिथे जाऊ दे. नावाड्याला आधीच सांगितलं की काका, घाई नाही, इंजिन बंद करून बांबूने हळूहळू जवळ न्या आणि पक्षी मान वर करायला लागले की थांबा. त्या माणसाला पक्षी आपल्यापेक्षा जास्त कळतात, त्याचं ऐका. सव्वासातला चाळीस-पन्नास मीटरवरून काढलेल्या फोटोत चोचीचा काळा भाग, त्याच्या वरची गुलाबी कड, मानेवरचं एकेक पीस. लेन्स तीच, जुनीच. ईएमआय अजून चालू आहे.

बाकीच्या, पटापट

व्ह्यूफाइंडरशेजारी एक छोटं चाक असतं, डोळ्याच्या नंबरासाठी. बॅगेत घासून ते फिरतं, आतून सगळं धूसर दिसतं आणि लोक लेन्स सर्व्हिसला टाकतात. आधी ते फिरवून बघा.

आभाळात एकाच जागी काळा ठिपका येतोय आणि एफ १६ ला जास्त दिसतोय तर ती सेन्सरवरची धूळ आहे, साफ करून घ्या.

१८-३०० घेऊन "आता दुसरी लेन्सच नको" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फिरायला न्या, पण लो लाइटसाठी माझ्याकडे रडत येऊ नका.

जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं की बुरशी, कितीही स्वस्त असो, सोडा. कोकणातली, पावसाळ्यात कपाटात पडलेली असेल तर दोनदा बघा. आणि तुमच्या स्वतःच्या लेन्सासुद्धा कापडी बॅगेत कोंडू नका, हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढंच.

मग ठरवायचं कसं

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे नाही. गेल्या वर्षातले ठेवण्यासारखे वाटलेले दोनशे फोटो एका फोल्डरमध्ये टाका आणि प्रत्येकाचं फोकल लेंग्थ (तो एमएमचा आकडा) बघा. भाच्याला ७०-३०० पण हवी होती, त्याच्या दोनशेत दीडशेच्या वर फोटो १८ ते ३५ मधले निघाले. विषयच संपला.

मग भिंतीची टेस्ट. छापील पेपर भिंतीला चिकटवा, खिडकीचा भरपूर उजेड, कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदाचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) मोठं करून फोकस. बारीक अक्षरं स्वच्छ आली तर लेन्स ठीक आहे आणि प्रॉब्लेम हातात, शटर स्पीडमध्ये किंवा ऑटोफोकसमध्ये आहे. मग हेच व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने करा. तिथे दर वेळी मऊ आलं तर बॉडी आणि लेन्सचं फोकस जुळत नाहीये, दोन्ही सर्व्हिसला द्या. अर्धा तास लागतो याला, तरी दहातले नऊ जण करत नाहीत, रिव्ह्यू मात्र चार-चार तास बघतात.

बॉडी घ्यायची वेळ कधी येते? मुलीची कबड्डी काढताय, उजेड आहे, शटर बरोबर आहे, लेन्सही जलद म्हणजे भरपूर उजेड घेणारी आहे, तरी फोकस चढाई करणाऱ्या मुलीला सोडून मागच्या पंचांवर जातोय. किंवा रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये) पाच-सात फोटो झाले की कॅमेरा दम खातोय आणि तेवढ्यात पकड होऊन गेलीय. किंवा तुम्ही पैसे घेऊन लग्नं काढताय आणि कॅमेऱ्यात कार्ड एकच, ते बिघडलं तर मंगलाष्टका परत होत नाहीत. अशा वेळी बिनधास्त बॉडी घ्या, मी स्वतः सोबत येतो दुकानात. माझा तो डी७५० पण शेवटी कबड्डीतच कामाला आला.

आणि घ्यायच्या आधी एक शनिवार-रविवार भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत आधार कार्ड आणि डिपॉझिटवर बॉडी, लेन्स दोन्ही मिळतात. भाच्याने ५० आणि २४ दोन्ही आणल्या होत्या, घरातल्या हळदीकुंकवाला. ५० दुपारी चारलाच बॅगेत गेली, कारण बायकांनी त्याला सांगितलं, "अरे, किती वेळा दारात उभा राहतोस, वाट सोड."