अंतराळ आणि सायबर संरक्षणावर स्पर्धेसाठी निबंध लिहिताय? मग या चुका टाळा

लष्करी निबंध स्पर्धेला हा विषय आला की निम्मे ड्राफ्ट एकाच वाक्याने सुरू होतात, "आजच्या युगात युद्धाचं स्वरूप झपाट्याने बदलत आहे." मित्रमंडळी वाचायला देतात म्हणून असे बरेच ड्राफ्ट माझ्या हाताखालून गेलेत. माहिती कमी पडली म्हणून निबंध पडला असं फार क्वचित दिसतं, पण लिहिणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय हेच शेवटपर्यंत कळलं नाही असं मात्र सारखं होतं.

सगळ्यात मोठी चूक विषयातल्या "आणि" या शब्दापाशी होते. लोक अर्धा निबंध उपग्रहांवर लिहितात, अर्धा हॅकिंगवर, आणि मध्ये "त्याचप्रमाणे" टाकून दोन्ही शिवून टाकतात. खरा विषय त्या शिवणीतच आहे हो! 24 फेब्रुवारी 2022 ची घटना घ्या. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसायच्या साधारण तासभर आधी वायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाचं इंटरनेट कोसळलं, उपग्रहाला ओरखडासुद्धा आला नव्हता, हल्लेखोर चुकीच्या पद्धतीने सेट केलेल्या एका व्हीपीएनमधून (लांबून खाजगी नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) ही सेवा चालवणाऱ्या जमिनीवरच्या मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये शिरले आणि तिथून ग्राहकांकडच्या मॉडेमना अशा कमांड दिल्या की त्यांची मेमरीच पुसली गेली. हजारो मॉडेम एकदम बंद. जर्मनीत याच सेवेवर जोडलेल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा रिमोट संपर्क तुटला, पाती फिरत होती पण लांबून त्यांच्यावर लक्ष ठेवता येईना.

आता यातून प्रश्न काढा. उपग्रह आकाशात, घाव जमिनीवर, कंपनी खाजगी आणि ग्राहकांमध्ये युक्रेनचं सैन्यही. मग ते मॉडेम सांभाळायचं कोणी, स्पेसवाल्यांनी, सायबरवाल्यांनी की कंपनीने? करारात काय लिहून घ्यायला हवं होतं? एवढ्या एका प्रश्नावर अख्खा निबंध उभा राहतो. पण लोक करतात काय, तर एका परिच्छेदात 2007 चं एस्टोनिया, 2010 चं स्टक्सनेट, 2017 चं नॉटपेट्या आणि वायासॅट अशी गाजलेल्या सायबर हल्ल्यांची यादी लावतात, प्रत्येकाला एक ओळ, आणि पुढे जातात. परीक्षकाला ही नावं पाठ असतात. एकच उदाहरण घ्या पण त्याच्या आत शिरा, कुठलं दार उघडं राहिलं होतं ते दाखवा.

"हल्ला होताच तत्काळ चोख प्रत्युत्तर द्यावे" हे वाक्य ड्राफ्टमध्ये असेल तर थांबून विचारा, प्रत्युत्तर कोणाला? वायासॅटच्या हल्ल्यामागे रशिया आहे असं अमेरिका, ब्रिटन आणि युरोपियन युनियनने अधिकृतपणे सांगितलं 10 मे 2022 ला, म्हणजे अडीच महिन्यांनी, आणि तेव्हा युद्ध उघड चालू होतं, संशय कोणावर घ्यायचा हे सगळ्यांना दिसत होतं तरीसुद्धा एवढा वेळ गेला. "तत्काळ" लिहायचंच असेल तर मधल्या काळात काय करायचं ते आधी लिहा.

मग तांत्रिक घोळ. जॅमिंग (सिग्नल दाबून टाकणं), स्पूफिंग (खोटा सिग्नल पाठवणं) आणि हॅकिंग (यंत्रणेत शिरणं) हे तीन शब्द आलटून पालटून वापरलेले दिसले की जाणकार परीक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किमी उंचीवर असतात, जमिनीवर पोचेपर्यंत सिग्नल फार क्षीण झालेला असतो, त्यामुळे जवळचा छोटा जॅमरही तो बुडवू शकतो. जहाजावर उभं असल्याची कल्पना करा: जॅमिंग झालं तर स्क्रीनवर पोझिशन येणंच बंद होतं, तुम्हाला कळतं की काहीतरी गडबड आहे. स्पूफिंगमध्ये स्क्रीन अगदी व्यवस्थित दिसते, जहाजाचा ठिपका पुढे सरकतोय, फक्त तो चुकीच्या जागी आहे. दोन्हीत उपग्रहाला कोणी हातही लावलेला नाही! दोन्हींवरचे उपायही वेगळे, त्यामुळे शब्द चुकला की शिफारसही चुकते.

"सीमेवर कायम नजर ठेवणारा टेहळणी उपग्रह" हाही असाच प्रकार. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीभोवती चक्कर मारतो, एका जागी थांबत नाही. स्थिर दिसतो तो विषुववृत्ताच्या वर 35,786 किमीवरचा, आणि तिथून जमिनीवरचे बारकावे टिपणं फार अवघड.

कायद्याच्या बाबतीत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते, "1967 च्या करारानुसार अंतराळात शस्त्रांना बंदी आहे." नाही. त्या बाह्य अंतराळ कराराचं कलम 4 अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं कक्षेत ठेवायला मनाई करतं, जमिनीवरून सोडलेल्या साध्या उपग्रहविरोधी क्षेपणास्त्राला ते अडवत नाही. म्हणूनच तर 2007 मध्ये चीनने स्वतःचाच हवामान उपग्रह फोडला आणि मोजता येतील असे 3,000 हून जास्त तुकडे झाले. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये रशियाने स्वतःचाच जुना उपग्रह कॉसमॉस 1408 फोडला तेव्हा अंतराळ स्थानकातल्या सातही जणांना आपापल्या यानात आसरा घ्यावा लागला, त्यात रशियाचे स्वतःचे दोन अंतराळवीर होते. शत्रूचा उपग्रह पाडायची शिफारस करणाऱ्याने आपल्या उपग्रहांचं काय होणार हे त्याच परिच्छेदात लिहायला हवं.

शिफारशी तपासायची माझी पद्धत सोपी आहे, याला कोणी विरोध करेल का? "विविध दलांमध्ये समन्वय वाढवावा" याला कोण नाही म्हणणार! त्याऐवजी लिहा, "सैन्य जी व्यावसायिक उपग्रहसेवा भाड्याने घेतं तिच्या जमिनीवरच्या नेटवर्कची तपासणी करायचा हक्क करारातच असावा, आणि तो न देणारी कंपनी स्वस्त असली तरी नाकारावी." आता खरेदी विभागाचा माणूस भांडायला उभा राहील. राहू दे, त्याचं म्हणणंही निबंधात आणा आणि उत्तर द्या.

शब्दमर्यादा ओलांडली तर स्पुटनिकपासूनचा इतिहास आधी कापा, उदाहरण कापू नका. बऱ्याच स्पर्धांमध्ये परीक्षकांना लेखकाचं नाव कळू देत नाहीत, तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही नाव राहिलेलं नाही ना ते बघा. आणि सेवेत असाल तर फक्त उघड उपलब्ध माहितीवरच लिहा, तरीही वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते का ते विचारा, आणि लागत असेल तर ड्राफ्ट शेवटच्या तारखेच्या बराच आधी त्यांच्या टेबलावर ठेवा, कारण तिथे किती दिवस लागतील ते तुमच्या हातात नसतं.