चौघांचं अंदमान आणि विमानाची तिकिटं: प्रत्येक रुपया आठने गुणा

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलं की बहुतेक जण काय करतात, तर मोबाईल उघडतात, पुणे ते पोर्ट ब्लेअर टाकतात, चार माणसं टाकतात, आकडा बघतात आणि जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू म्हणतात. आमच्याकडे दोन वर्षं हेच झालं. सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचं होतं, सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची होती, आणि आम्ही दर वेळी आकडा बघून गप्प. तिसऱ्या वर्षी मी वही घेऊन बसले आणि आम्ही जाऊन आलो. म्हणून हे सगळं लिहितेय, कारण घरात म्हातारं माणूस असेल तर पुढचं वर्ष पुढचं वर्ष करत बसणं बरं नाही वाटत.

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठा ८ लिहिला होता. चार माणसं, जाऊन येऊन आठ तिकिटं. तिकिटामागे फक्त ३०० रुपयांचा फरक दिसला तरी तो २४०० चा असतो, हे डोक्यात ठेवलं की बाकीचं आपोआप सुचतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. विमानातल्या सगळ्या सीट एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे गट पाडते, समजा ५००० च्या काही सीट, मग ५८०० च्या काही, मग ७००० च्या, आणि स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. तर तुम्ही एकदम चार माणसं टाकून शोधता आणि ५००० वाल्या दोनच सीट उरलेल्या असतात, तेव्हा सिस्टीम बहुतेक वेळा दोघांना स्वस्त आणि दोघांना महाग असं देत नाही, चौघांनाही ५८०० लावते. म्हणून आधी १ माणूस टाकून भाव बघा, मग २, मग ४. भाव मधेच वाढला तर दोन-दोनची वेगळी बुकिंगं करा. फक्त दोन पीएनआर (बुकिंग नंबर) झाले की मुलाला आईबाबांपैकी कोणाच्या तरी पीएनआरमध्येच ठेवायचं, त्याचं कारण खाली येतंय.

आणि हो, इन्कॉग्निटोमध्ये शोधलं की स्वस्त मिळतं किंवा मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढायचं वगैरे जे ग्रुपवर फिरतं त्याच्या मागे लागू नका. तुम्ही दहा वेळा बघितलं म्हणून भाव वाढत नाही, तेवढ्या वेळात कोणीतरी स्वस्त गटातली सीट घेतलेली असते. मंगळवार कामाचा आहे, पण तो तिकीट काढायला नाही, प्रवास करायला.

तारखांचं सांगते. कालनिर्णय समोर ठेवा आणि शाळेच्या सुट्टीची पहिली आणि शेवटची तारीख खूण करून ठेवा. सुट्टी लागल्या लागल्याचा शनिवार आणि शाळा सुरू होण्याआधीचा रविवार हे दोन दिवस सगळ्यात महाग, कारण सगळ्या महाराष्ट्राला त्याच दिवशी निघायचं आणि परत यायचं असतं. भाऊबीज घरी करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघालं आणि आठवड्याच्या मधल्या वारी परत आलं तर भाव बराच उतरलेला दिसतो. गुगल फ्लाइट्समध्ये तारखांचं कोष्टक उघडतं, त्यात आडवं-उभं बघितलं की दोन मिनिटांत कळतं कुठला दिवस स्वस्त आहे, स्कायस्कॅनरवरही पूर्ण महिना एकदम बघता येतो. तिथेच किमतीचा अलर्ट लावून ठेवा म्हणजे रोज बघायला नको. दिवाळीचं तिकीट गणपतीच्या आधी हातात असावं असं माझं स्वतःचं मत आहे. पावसाळ्यातल्या सेलच्या भरवशावर थांबू नका, त्यात सणाच्या तारखा बऱ्याचदा वगळलेल्या असतात, बारीक अक्षरात ब्लॅकआउट डेट्स लिहिलेल्या असतात त्या आधी वाचा.

मग रूट. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, त्यामुळे कुठल्या साइटवर हे दिसेल, कुठे ते, विमानतळाचा कोड आयएक्सझेड (IXZ) टाकला की झालं. तिथे चेन्नई, कोलकाता, बंगळुरू अशा शहरांतून सरळ विमानं जातात आणि बरीचशी सकाळ ते दुपारच्या वेळात उतरतात, म्हणून पुण्याहून निघताना मधे रात्र काढावी लागते का हे पहिलं बघा, कारण रात्रीच्या हॉटेलचं भाडं तिकिटात दिसत नाही. जायचं आणि यायचं वेगवेगळं शोधा. देशातल्या देशात बहुतेक वेळा रिटर्न तिकीट म्हणजे दोन एकेरी तिकिटांची बेरीजच असते, तेव्हा चेन्नईवरून जाऊन कोलकात्यावरून परत यायला काहीच हरकत नाही. ज्यांच्याकडे दिवस आहेत त्यांनी पुण्याहून चेन्नईला रेल्वेने जावं, साधारण २० तास लागतात, चौघांचा चांगलाच फरक पडतो, पण सासूबाईंचे गुडघे बघून आम्ही ते केलं नाही.

मुंबईहून स्वस्त दिसतंय म्हणून लगेच उडी मारू नका. पुण्याच्या लोहगाव विमानतळाला आमची रिक्षा जाते. मुंबईला जायचं म्हणजे कॅब, टोल, वाटेतला नाश्ता आणि पहाटेचं विमान असेल तर रात्रभर जागरण, तेही दोनदा. ते सगळं वहीत लिहून चौघांत भागा आणि मग बघा माणशी किती उरतंय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुरू झालीत आणि पुणेकरांना तो विमानतळ अंतराने बरा पडतो, त्यामुळे शोधताना तोही टाकून बघा.

पैसे भरायच्या पानावर मात्र शांतपणे बसा, खरं तर इथेच सगळ्यात जास्त गळती होते. इन्शुरन्स, झिरो कॅन्सलेशन, जेवण, कधी देणगीसुद्धा, टिक आधीच केलेली असेल तर ती एकेक काढा. कन्व्हिनियन्स फी बऱ्याच ठिकाणी माणशी आणि प्रत्येक फ्लाइटमागे लागते, म्हणजे तीही आठने गुणली जाते. त्यामुळे ॲपवर स्वस्त दिसलेलं तिकीट एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकदा ताडून बघा, आणि बँकेच्या कार्डाची ऑफर असेल तर ती धरून पुन्हा बघा. ६० च्या वरच्यांना सवलत असते पण ती मूळ भाड्यावर असते, कधीकधी साधं सेलचं तिकीट त्याहून स्वस्त पडतं, आमच्या सासूबाईंचं तसंच झालं.

सीटसाठी पैसे भरू नका. २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा बाबांजवळ सीट द्यायची, म्हणून वर म्हटलं की मूल आणि पालक एका पीएनआरमध्ये हवेत. मोठ्यांनी वेब चेक-इन उघडल्या उघडल्या केलं तर बहुतेक जवळपासच मिळतात. सामानाचं म्हणाल तर देशांतर्गत इकॉनॉमीत साधारणपणे माणशी १५ किलो आत टाकायला आणि ७ किलो हातात असतं, जास्तीचं वजन काउंटरवर फार महाग पडतं, ऑनलाइन आधी घेतलं तर कमी. आम्ही लटकवायचा छोटा वजनकाटा घेतला आणि निघायच्या आदल्या रात्री हॉलमध्ये सगळ्या बॅगा एकेक करून उचलून बघितल्या, एक १७ किलोची निघाली, त्यातला चिवड्याचा डबा दुसरीत गेला आणि प्रश्न मिटला. दशम्या आणि चटणी हातातल्या पिशवीत ठेवा, रिकामी बाटली न्या, सिक्युरिटीच्या पलीकडे पाणी भरता येतं.

केंद्र सरकारी नोकरी असलेल्यांनी एलटीसीचं, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या प्रवास सवलतीचं, आधी ऑफिसात विचारा, अंदमानसाठी विमानाची वेगळी सवलत आहे, पण तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसीकडूनच काढावं लागतं आणि २१ दिवस आधी. स्वस्त दिसलं म्हणून दुसऱ्या ॲपवरून काढलंत तर बिल अडकेल.

तिकीट काढल्यावर नावं आणि तारखा लगेच तपासा. फ्लाइट किमान ७ दिवस पुढे असेल तर देशांतर्गत तिकीट बुकिंगपासून ४८ तासांच्या आत दंड न भरता रद्द करता येतं, तारीख बदलली तर फक्त भाड्यातला फरक द्यायचा.

शेवटचं, आणि हे आम्ही पैसे घालवून शिकलो. एकदा कोचीला जाताना दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून घेतली होती, मधे दीड तास ठेवला होता. पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं गेलं, आणि दुसऱ्या कंपनीने नो-शो, म्हणजे प्रवासी आलेच नाहीत, म्हणून हात वर केले, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं कारण पीएनआर वेगळे. तेव्हा जोडतिकीट एकाच पीएनआरवर घ्या, किंवा मधे पाच-सहा तास ठेवा. पण तेव्हाच कळलं की नो-शो झालं किंवा तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे चार्जेस, म्हणजे तिकिटावर यूडीएफ वगैरे लिहिलेलं असतं ते, परत द्यावेच लागतात, तसा डीजीसीएचा नियम आहे. एजंटकडून तिकीट काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच. आम्ही कंपनीच्या साइटवर टॅक्स रिफंडचा फॉर्म भरला, दोनदा मेल केला, आणि महिन्याभराने चौघांचे मिळून पैसे खात्यात आले. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, पीएनआर आणि तिकिटाची पीडीएफ जपून ठेवा.