शाळेच्या मेळ्यासाठी केक करताय? या चुका टाळा

जानेवारी लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुठल्या तरी शाळेत आनंदमेळा असतो, वाचनालयासाठी नाहीतर प्रयोगशाळेसाठी पैसे उभे करायचे असतात, आणि पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी उत्साहाच्या भरात लिहून टाकलेलं असतं, 'केकचा स्टॉल आमच्याकडे!' मग मेळ्याच्या आदल्या रात्री साडेदहाला मला विचारतात, "ताई, क्रीम पातळ झालंय, काय घालू?" काही घालू नका. डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि झोपा.

गेली चौदा वर्षं मी घरी केक करते, शिकवतेही. मेळ्याचा केक ओव्हनमध्ये फारसा बिघडत नाही, हे एव्हाना पाठ झालंय. तो बिघडतो ओव्हनमधून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या प्लेटमध्ये जाईपर्यंत. वाढदिवसाचा केक फ्रिजमधून निघतो, फुंकर, टाळ्या, दहा मिनिटांत संपतो. मेळ्याचा केक रिक्षातून फिरतो, मांडवात तीन-चार तास उभा राहतो, आणि शेवटी तो कापतं भलतंच कुणीतरी. दोन्हींना एकच रीत लावली की फजिती ठरलेली.

कोमट केक आणि न्यू पॅलेसचा मनोरा

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेनं ठरवलं, मेळ्यात लिलावासाठी आमच्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा केक करायचा. १८८४ साली बांधून पूर्ण झालेला काळ्या दगडाचा तो राजवाडा, मधोमध घड्याळाचा मनोरा. कल्पना झकास होती, त्यात वाद नाही. मी म्हटलं, "दोन दिवस आधी सुरुवात कर." ती म्हणाली, "कशाला ताई? पहाटे उठून करतो की मी." (आमच्याकडच्या बायका 'करतो, जातो' असंच बोलतात. बाहेरगावची सून पहिले सहा महिने गोंधळलेली असते.)

पहाटे पाचला स्पंज ओव्हनमध्ये गेले, सातला टिनमधून निघाले, नऊला क्रीम लावायला घेतलं. वरून हात लावला तर गार लागत होतं. पण जाड स्पंजचं पोट गार व्हायला सालीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यात तिनं मधे अर्धा तास तो फ्रिजमध्ये ठेवलेला, त्यानं तर पुरतीच फसगत झाली. वरून थंडगार, आत कोमट. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना वितळतं. आतली ऊब सावकाश बाहेर आली आणि लोणी-साखरेचं बटरक्रीम ओल्या चुन्यासारखं भिंतींवरून घसरायला लागलं. घसरलं तशी तिनं वरून आणखी थापलं. वजन वाढलं, आणखी घसरलं.

रंगाची निराळीच कथा. काळा दगड दाखवायचा म्हणून पांढऱ्या बटरक्रीममध्ये ती काळा जेल कलर ओतत राहिली. आधी राखाडी झालं, मग जांभळट राखाडी. बाटली संपली तरी काळं होईना आणि चव मात्र कडू. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या पोरांच्या जिभा संध्याकाळपर्यंत काळ्या होत्या. काळा रंग हवा तर सुरुवातच कोको नाहीतर डार्क चॉकलेट घातलेल्या तपकिरी बटरक्रीमपासून करायची, मग थोडक्यात काम होतं. शिवाय फिकं वाटलं तरी झाकून रात्रभर ठेवायचं, रंग आपला आपण गडद होतो. लाल रंगालाही हेच लागू. मी लाल आणि काळं क्रीम आदल्या दिवशीच कालवून ठेवते.

आता मनोरा. तीन इंची सहा चकत्या एकावर एक, मधे क्रीम, आधाराला काहीही नाही. आणि हे सगळं रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही निघालो. राजारामपुरीतून परीख पुलाखालून स्टँडकडे, तिथून कसबा बावड्याच्या रस्त्याला. प्रत्येक स्पीडब्रेकरला मनोरा मान डोलवायचा. रिक्षावाले मामा बिचारे बैलगाडीच्या चालीनं चालवत होते. आणि खऱ्या न्यू पॅलेसच्या समोर, अगदी तिथंच, मनोरा जावेच्या साडीवर आडवा झाला. मामांनी वळून बघितलं, मग राजवाड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्यो अजून उभा हाय वैनी, काळजी करू नगा."

लिलाव काही झाला नाही. बिनमनोऱ्याचा राजवाडा तुकड्या-तुकड्यांनी विकला आणि पोरांना त्याचं काही वाटलं नाही, केक तो केक. पण जावेनं पुढं आठवडाभर त्या साडीकडं बघितलं नाही.

माझी सवय सांगते. स्पंज आदल्या संध्याकाळी भाजायचा. जाळीवर पूर्ण गार होऊ द्यायचा, मग प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचा. सकाळी तो कापायलाही सोपा जातो, भुगा कमी पडतो. मग पातळसा पहिला हात क्रीमचा, भुगा त्यात अडकतो. अर्धा तास फ्रिज. मग दुसरा, दिसणारा हात. हा पहिला हात वगळणारे लोक नंतर मला फोटो पाठवून विचारतात, 'पांढऱ्या क्रीममध्ये काळे ठिपके का?' ते ठिपके नाहीत, तुमची वाचवलेली चाळीस मिनिटं आहेत.

उंच केकला आत जाड स्ट्रॉ घालायचे. खालच्या थरात चार-पाच स्ट्रॉ उभे खोचून क्रीमच्या पातळीला कापायचे आणि वरचा थर स्वतःच्या पातळ पुठ्ठ्यावर बसवून त्यांच्यावर ठेवायचा. वजन स्ट्रॉ पेलतात, स्पंज नाही. त्याहून सोपं म्हणजे थर वेगवेगळ्या खोक्यांत न्यायचे आणि शाळेत गेल्यावर एकमेकांवर चढवायचे. केक कधीही मांडीवर घेऊ नका. मांडी उतरती असते आणि माणूस दचकतो. गाडीत सीटवरही नको, तीही मागं झुकलेली असते. पायाशी, सपाट जागेवर, खोक्याखाली ओलं फडकं. सोबत क्रीम भरलेली एक पायपिंग बॅग आणि छोटा स्पॅच्युला असला की वाटेतले ओरखडे पाच मिनिटांत बुजतात.

मांडवातलं ऊन

मेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर कोल्हापुरात दुपारी पारा तेहतीस-चौतीसच्या पुढं जातो, आणि कापडी मांडवाखाली उकाडा त्याहून वाईट. तिथं व्हिप क्रीमची गुलाबं मांडून ठेवणं म्हणजे रंकाळा तलावावर भर दुपारी कुल्फी हातात धरून उभं राहणं. एका वर्षी मी स्वतः हे केलंय. डझनभर फुलांचे कपकेक सकाळी दहाला मांडले, सव्वाअकराला फुलं कपच्या कडेवरून खाली बघत होती. शेजारच्या स्टॉलवर एक आजी साधा रव्याचा केक चौकोनी तुकडे करून विकत होत्या. वर नुसती पिठीसाखर. साडेअकराला त्यांचा ट्रे रिकामा झाला. मग त्या माझ्या स्टॉलवर आल्या, एक वितळलेला कपकेक विकत घेतला आणि "चव चांगली आहे हां," म्हणाल्या. अजून ऐकू येतं ते.

तेव्हापासून मेळ्याला माझं सगळं गनाशचं, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या लेपाचं असतं. डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. व्हाइट चॉकलेट असेल तर तीनास एक, कारण ते मऊ राहतं. क्रीमला उकळीच्या आधीची वाफ आली की चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर ढवळायचं. रात्रभर ठेवलं की थापण्याजोगं होतं. मांडवात क्रीमपेक्षा कितीतरी वेळ टिकतं आणि दिसतंही देखणं.

क्रीमचेच केक करायचे असतील तर टेबलावर एका वेळी एकच ठेवा, बाकीचे थर्माकोलच्या खोक्यात, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या सोबतीनं. दुधाचं क्रीम बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तर एकच तास धरा. लहान मुलांच्या पोटाशी खेळ नको. आणि जागा वाटून देणाऱ्या सरांना आधीच विचारा, दुपारी बारानंतर ऊन कुठल्या बाजूनं आत शिरतं. सर हसतील. हसू दे.

पावसाळ्यातल्या कार्यक्रमाला उलटा त्रास. फौंडंटचा, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्यानं मढवलेला केक फ्रिजमधून काढून दमट हवेत ठेवला की त्याला घाम फुटतो, आणि बाहुलीच्या डोळ्यांतून काजळ ओघळतं. तो घाम पुसायला जाऊ नका, रंग पसरतो. पंख्याखाली ठेवून वाळू द्या. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये मी फौंडंटच्या वाटेला जात नाही.

बाकीच्या, भराभर

नॉन-डेअरी (दुधाऐवजी वनस्पती तेलाच्या) क्रीमचं गोठलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं असतं. गरम पाण्यात बुडवून वितळवलेलं क्रीम जन्मात फुलत नाही. फेटायचं भांडं आणि बीटरची पातीही थंड करा. टोकं उभी राहिली की थांबा. "अजून थोडं" म्हणत गेलात की दाणेदार होतं.

किराणा दुकानातल्या पंचवीस टक्के फॅटच्या फ्रेश क्रीमची फुलं होत नाहीत, कितीही फेटा. ते गनाशसाठी आणि भाजीसाठी.

वाटीनं मोजू नका. तुमची वाटी, सासूबाईंची वाटी आणि कृतीतला कप या तीन वेगळ्या वस्तू आहेत. काटा घ्या. एक कप मैदा मी साधारण एकशे पंचवीस ग्रॅम धरते, दाबून भरला तर तोच दीडशेवर जातो आणि मग केक विटेसारखा होतो.

सहा इंची टिनची कृती आठ इंचीला दीडपट करून भागत नाही, जवळजवळ पावणेदोनपट लागते. आठाचा वर्ग चौसष्ट, सहाचा छत्तीस. पोरांच्या शाळेसाठीच करताय, तर एवढं गणित करा.

बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर फेकून द्या, वर्षभर कपाटात ठेवून माया करू नका.

ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) दहा-पंधरा मिनिटं आधी तापवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. एका वेळी दोन ट्रे लावण्याचा मोह तर अजिबात नको; वरचा करपतो, खालचा रडतो. मेळ्यासाठी बारा केक भाजायचे असतील तर बारा केकांचा वेळ लागणार. आमच्या लहानपणी दिवाळीत नानकटाईचे ट्रे गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर द्यायची पद्धत होती, नंबर येईपर्यंत बाहेर उभं राहायचो. तेवढा धीर आता तीस सेकंदांचे व्हिडिओ बघून केक शिकणाऱ्यांकडं नाही.

प्रिमिक्सबद्दल, म्हणजे केकच्या तयार पिठाबद्दल नेहमी विचारतात. वापरा, मी नाक मुरडणार नाही. (थोडं मुरडते.) पण त्यात बेकिंग पावडर आधीच असते. "अजून फुगावा म्हणून" वरून चमचाभर घातलेला केक ओव्हनमध्ये फुगतो, मग मधोमध बसतो, आणि खड्डा क्रीमनं भरला तरी तो खड्डाच असतो.

लाईट जाते. जाणारच. बीटरचं काम आदल्या दिवशी दुपारीच उरकून घ्या.

टेबलावर गेल्यावर

अख्खे केक फार विकले जात नाहीत. हातात दहा-वीस रुपये घेऊन आलेलं पोर अर्धा किलोचा केक कसं घेणार? नऊ बाय तेरा इंचाच्या ट्रेमध्ये केक करा, सहा उभ्या आणि चार आडव्या रांगा, चोवीस तुकडे. शोभेचा केक एकच, लिलावाला किंवा सोडतीला.

अंड्याचा कुठला आणि बिनअंड्याचा कुठला, ते मोठ्या अक्षरात लिहा, सुऱ्याही वेगळ्या ठेवा. काजू-बदाम घातले असतील तर तेही लिहा. हे शिष्टाचारापुरतं नाही. एखाद्या मुलाला सुक्यामेव्याची ॲलर्जी असते आणि ते मूल आईला न विचारता खातं.

खर्चाचा हिशेब मांडताना खोकं, पुठ्ठा, वरचे चकचकीत मणी आणि गॅस विसरू नका. एका स्टॉलवर जमलेल्या पैशांपेक्षा सजावटीचं सामान महाग पडलेलं मी बघितलंय. त्यापेक्षा शाळेला सरळ पाकीट देऊन घरी झोपलेलं बरं.

सुरी प्रत्येक कापाला गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या. आणि सुट्टे पैसे आणा.

यंदा जावेला रंकाळा करायचाय. निळ्या जेलीचं पाणी, काठाला हिरवं क्रीम, एक होडी. स्पंज आदल्या संध्याकाळी भाजायचा, केक पायाशी ठेवायचा आणि जेली शाळेत पोचल्यावरच ओतायची, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. होडीचं तिचं ती बघेल.