गीझर, पंप, सोलरला एनआरव्ही बसवायचाय? आधी हे बघा

थंडचा नळ सोडला तरी सुरुवातीला गरम पाणी येतं, मोटर बंद केली की पाइपातलं पाणी घळाघळा खाली परत जातं, किंवा घरात कुठलाच नळ गळत नसताना प्रेशर पंप मधूनच चालू होतो. यातलं काहीही होत असेल तर पहिला संशय एनआरव्हीवर घ्या, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. एकतर तो बसवलेलाच नाही, नाहीतर आहे पण नीट बंद होत नाहीये.

त्याचं काम सोपं आहे, पाणी एकाच दिशेने जाऊ द्यायचं. त्याला ना वीज लागते ना चावी, पुढे जाणाऱ्या पाण्याच्या जोराने आतली झडप उचलते आणि पाणी उलटं यायला लागलं की तेच पाणी झडपेला सीटवर (झडप जिथे टेकून बंद होते ती कडा) दाबून धरतं.

दुकानात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. स्विंगवाला, ज्यात झडप बिजागरीवर लटकते, तो आडव्या पाइपात झाकण वर ठेवून बसवायचा, उभ्या पाइपात फक्त पाणी खालून वर जात असेल तरच, कारण वरून खाली येणाऱ्या पाइपात झडप उघडीच लटकत राहते. दुसरा स्प्रिंगवाला, तो कसाही बसतो, पण स्प्रिंग उघडायला थोडा दाब खर्च होतो, म्हणजे तुम्ही वरच्या मजल्यावर असाल आणि टाकी शॉवरच्या जेमतेम दोन मीटर वर असेल (म्हणजे 0.2 बार दाब) तर शॉवरची धार आणखी बारीक होणार. मोटरच्या लाइनला मात्र स्प्रिंगवाला बरा, तो पाणी उलटं फिरायच्या आत मिटतो त्यामुळे मोटर बंद करताना पाइप धाडकन वाजत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याच्यात खरंच जिवाचा प्रश्न आहे. पाणी तापलं की फुगतं. 25 लिटरचा गीझर 25 अंशांवरून 65 वर गेला की साधारण 400 मिली पाणी जास्तीचं होतं, जवळपास दोन ग्लास. एनआरव्ही नसेल तर ते गुपचूप थंडच्या पाइपात मागे सरकतं, एनआरव्ही लावला की ती वाट बंद. मग ते जाणार कुठे? टाकीतला दाब वाढत जातो, आणि त्यात थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटू शकते. म्हणून गीझरला नुसता एनआरव्ही कधीच लावायचा नाही, गीझरच्या बॉक्समध्ये लिव्हरवाला पितळी व्हॉल्व्ह येतो तोच लावायचा, त्यात एनआरव्ही आणि दाब सोडायची सोय दोन्ही असतात, साधारण 8 बारला तो पाणी सोडतो. गीझर तापताना त्याच्यातून थेंब थेंब पडतात ते पडू द्या, तो गळत नाहीये, त्याचं काम करतोय. त्या भोकात एमसील भरणारे लोक आहेत, कृपा करून हे करू नका आणि कोणाला करू देऊ नका.

बसवताना एमसीबी बंद करा, थंडचा कॉक बंद करा, गरमचा नळ उघडून दाब काढून टाका. व्हॉल्व्ह थंडच्या बाजूला (निळी रिंग) लावायचा, बाण गीझरकडे. टेफ्लॉन टेप आट्यांवरच, तोंडावर आली तर तिचाच तुकडा आत जाऊन झडपेत अडकतो. व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये कॉक नको, आणि ते दाब सोडायचं भोक उघडं ठेवून नळी उताराने मोरीकडे न्या. मग पाणी भरा, गरमच्या नळातून हवा न येता सलग धार आली की मगच बटण दाबा.

सोलरचं वेगळं. थंडच्या लाइनला प्रेशर पंप असेल आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पुढचा जेट बंद केला असेल तर थंड पाणी मिक्सरमधून गरमच्या लाइनीत घुसतं, पार गच्चीवरच्या टाकीपर्यंत जातं, आणि सगळे म्हणतात सोलर तापत नाही. इथे मिक्सरच्या आधी गरमच्या लाइनला एनआरव्ही लावला की झालं. फक्त टाकीवरचा जो उभा व्हेंट पाइप असतो त्याला एनआरव्ही, कॉक, टोपी काहीही नको, वाफेला आणि फुगलेल्या पाण्याला तीच वाट आहे.

साखर कारखान्याच्या बॉयलरलाही हेच तत्त्व लागतं. फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) ट्रिप झाला तर बॉयलरच्या ड्रममधला दर चौरस सेंटीमीटरला 45 किंवा 67 किलोचा दाब अडीचशे अंशांच्या वरचं पाणी मागे पंपाकडे ढकलेल आणि ट्यूब कोरड्या पडतील, म्हणून फीड लाइनला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्हीच, असतोच. आणि दाब सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह तिथेही वेगळा असतोच. त्या कामाला फक्त बॉयलरवाल्यांनीच हात लावावा.

घरातला एनआरव्ही तपासायचा तर दुकानातच बाणाच्या बाजूने फुंकर मारा, हवा गेली पाहिजे, उलट बाजूने अडली पाहिजे, स्विंगवाला असेल तर झाकण वर धरून. पंपाला लावताना तोंडापासून पाइपच्या जाडीच्या पाच-दहा पट सरळ अंतर सोडा, शेजारी युनियन (आट्यांनी उघडता येणारा जोड) द्या, म्हणजे पुढे काढायला पाइप कापावा लागत नाही. जुना उघडलात तर बहुतेक वेळा रबरावर क्षारांचा पांढरा थर दिसेल, नाहीतर सीटखाली पाइप कापतानाची केसाएवढी प्लास्टिकची साल अडकलेली असेल, तेवढ्यानेही तो रात्रभर गळतो. साल चिमट्याने काढा, क्षार असतील तर व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. रबर कडक झालं असेल किंवा सीटवर चरा पडला असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवीन घ्या.