लेझरने रेकॉर्ड वाजवताना या चुका टाळा

लेझर टर्नटेबलवर, म्हणजे सुईऐवजी प्रकाशकिरणाने तबकडी वाचणाऱ्या यंत्रावर, रेकॉर्ड लावली आणि सुईपेक्षाही अधिक खरखर ऐकू आली, ही या यंत्राविषयीची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा तिचे कारण यंत्रात नसून तबकडीच्या खाचेत असते. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील फिनियल या कंपनीने हे तंत्र लोकांसमोर आणले, पण तिला ते बाजारात रुजवता आले नाही. पुढे जपानमधील ईएलपी कंपनीने ते विकत घेऊन पूर्णत्वास नेले आणि १९९७ पासून अशी यंत्रे विकली. दहा हजार अमेरिकी डॉलर आणि त्याहूनही अधिक किंमत मोजून घेतलेले यंत्र निराशा करते तेव्हा दोष कोठे शोधावा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

या यंत्रात पाच किरण असतात. दोन किरण खाचेच्या डाव्या व उजव्या भिंतीवरून परावर्तित होऊन ध्वनी वाचतात, दोन किरण खाचेचा मार्ग धरून ठेवतात आणि पाचवा तबकडीची उंची मोजत राहतो. परावर्तित किरणाची दिशा भिंतीच्या नागमोडी वळणांप्रमाणे बदलते आणि तो बदलच विद्युतसंकेत बनतो. लेझर म्हटले की सीडी आठवते, आणि म्हणून येथेही ध्वनीचे आकड्यांत रूपांतर होत असावे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा संकेत सुईच्या संकेताप्रमाणे अखंड, म्हणजे अॅनालॉगच राहतो. सीडी प्लेअरप्रमाणे चूक ओळखून ती भरून काढण्याची सोय त्यात नसते. किरणाला जे दिसते तेच कानावर येते.

यातूनच सर्वांत मोठी चूक घडते, ती म्हणजे तबकडी न धुता लावणे. सुईला वजन असते आणि ती पुढे सरकताना खाचेतील बरीचशी धूळ बाजूला लोटते. किरणाला वजन नसल्यामुळे धुळीचा कण जागचा हलत नाही, आणि भिंतीवर बसलेला तो कण संगीताइतक्याच निष्ठेने वाचला जातो. मखमली ब्रश वरवर फिरवून काम भागत नाही, कारण त्याने पृष्ठभाग चकाकतो, पण खाचेत खोल रुतलेला मळ तेथेच राहतो. ओल्या धुलाईनंतर पाणी शोषून घेणारे यंत्र वापरावे, आणि प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी वापरावे. साधे नळाचे पाणी सुकल्यावर क्षारांचे डाग सोडते, म्हणून शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. त्यात सौम्य साबणाचे एकदोन थेंब टाकल्यास शेवटी पुन्हा नुसत्या शुद्ध पाण्याने खळबळून काढावे, कारण साबणाचा पातळ थरही किरणाला दिसतो. तबकडी पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रात सरकवू नये. मात्र वाळवण्यासाठी उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण व्हिनाइल आणि लाख दोन्ही उष्णतेने वाकतात. धुतलेली तबकडी जुन्याच कागदी पाकिटात परत घालणे म्हणजे सगळी मेहनत वाया घालवणे होय.

आपल्याकडे अनेक घरांत नाट्यपदांच्या आणि शास्त्रीय गायनाच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या पेटीत जपून ठेवलेल्या असतात. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट कधीही विसरू नये: लाखेवर अल्कोहोल किंवा स्पिरिट लावू नये. लाख त्यात विरघळते, आणि एका पुसण्यात गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. बाजारातील तयार रेकॉर्ड क्लीनरमध्ये अल्कोहोल आहे की नाही, हे बाटलीवर वाचूनच तो वापरावा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत या तबकड्यांवर पांढुरकी बुरशी धरते. ती वेळीच धुतली तर बहुधा निघते, परंतु तिने पृष्ठभाग खाल्लेला असेल तर तेथील फसफस कोणत्याही धुलाईने जात नाही.

यंत्र तबकडी स्वीकारत नाही किंवा मध्येच मार्ग हरवते, तेव्हा प्रथम तिचा रंग तपासावा. लेझरला काळी, अपारदर्शक तबकडी लागते. लाल, निळ्या, पारदर्शक किंवा चित्र छापलेल्या तबकड्यांवर किरणाचे परावर्तन बिघडते आणि त्या वाजत नाहीत. फसगत होते ती वरून काळ्याभोर दिसणाऱ्या, पण प्रत्यक्षात अर्धपारदर्शक असलेल्या तबकड्यांमुळे. अशी तबकडी पेटत्या दिव्यासमोर धरली की कडेजवळ तपकिरी किंवा लालसर उजेड झिरपताना दिसतो. ही परीक्षा क्षणभरात होते आणि तंत्रज्ञाला बोलावण्याआधी ती करून पाहावी. एडिसनच्या तबकड्या आणि पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्या उभ्या कापाच्या असतात, म्हणजे त्यांचा ध्वनी खाचेच्या भिंतींत नसून तळाच्या उंचसखलपणात असतो. त्या या यंत्राचे काम नव्हेत. तसेच प्रत्येक मॉडेल ७८ फेऱ्यांना चालत नाही, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे.

झिजलेल्या तबकडीबाबत लेझरकडून अपेक्षा ठेवावी, पण अवास्तव ठेवू नये. सुई भिंतीच्या ठरावीक पट्ट्यावर घासते आणि झीज मुख्यतः तेथे होते. किरण मात्र खाचेच्या वरच्या कडेपासून सुमारे १० मायक्रॉन खाली, तुलनेने अस्पर्श राहिलेल्या भागात वाचतो. या यंत्राचे खरे मोल येथे आहे, आणि हजारदा वाजवलेल्या तबकडीतून अनपेक्षितपणे स्वच्छ आवाज निघतो तो यामुळेच. परंतु ग्रामोफोनचा जड साउंडबॉक्स (टाचणी धरणारे डोके) आणि पोलादी टाचणीखाली वर्षानुवर्षे दळलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची भिंत वरपर्यंत गेलेली असेल, तर वाचायला काही उरलेलेच नसते. ओरखडेही वरच्याच कडेवर असतात, म्हणून ते सुईपेक्षा कधीकधी अधिक ठळक ऐकू येतात.

आवाज पातळ, कर्कश आणि खर्जविरहित येत असेल, तर फोनो पातळीचा, म्हणजे खर्ज-तार यांचा समतोल अजून दुरुस्त न झालेला, संकेत अॅम्प्लिफायरच्या साध्या लाइन जागेत गेलेला असतो. उलट आवाज फुगलेला, घुमणारा आणि फाटका असेल, तर आधीच दुरुस्त झालेला संकेत पुन्हा ही दुरुस्ती करणाऱ्या फोनो जागेत दिला गेला आहे. दोन्ही दोष जोडणीचे आहेत, लेझरचे नव्हेत.

वेगाची चूक अधिक सूक्ष्म असते. ७८ हा आकडा जुन्या तबकड्यांबाबत सरासरी समजावा. प्रत्यक्ष मुद्रण त्याहून कमी किंवा अधिक वेगानेही झालेले आढळते. सुमारे ६ टक्क्यांच्या फरकाने सूर पूर्ण एका पट्टीने सरकतो: तबकडी जलद फिरली तर काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोनमध्ये ऐकू येते, गायकाचा आवाज कोवळा होतो आणि ताना आहेत त्याहून चपळ भासतात. पेटीच्या (हार्मोनियमच्या) सुराशी षड्ज ताडून, गायकाच्या माहीत असलेल्या पट्टीचा आधार घेऊन वेग बारीक पायऱ्यांनी जुळवावा. केवळ पेटीशी जुळले म्हणून वेग बरोबर ठरत नाही, कारण एक पट्टी चुकूनही षड्ज पेटीच्या कोणत्या तरी सुरावर बसतोच. निवाडा आवाजाच्या पोतानेच करावा लागतो.

संगणकावर जतन करताना प्रथम कोणतीही सफाई न केलेली प्रत घ्यावी, आणि ती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ दर्जाची असावी. आवाजातील टकटक काढणारे सॉफ्टवेअर जोरात चालवले तर ते तबल्याच्या चाटेवरील टणक बोलांनाही दोष समजून बोथट करते, आणि मूळ प्रत नसेल तर ते बोल कायमचे जातात. मोनो तबकडीच्या दोन्ही भिंतींवर एकच ध्वनी असला तरी दोन्हींची झीज सारखी नसते. म्हणून मुद्रण दोन वाहिन्यांत ठेवावे, दोन्ही स्वतंत्रपणे ऐकावे आणि मगच त्यांची बेरीज करायची की त्यांतील चांगली एकच ठेवायची हे ठरवावे.

तडा गेलेली तबकडी एकसंध असेल तर किरण तड्यावरून टक असा आवाज करत पुढे जातो. सुईची जोखीम तेथे नाही. तुकडे झालेली तबकडी मात्र डिंकाने चिकटवू नये, कारण खाचेत पसरलेला डिंक पुढील प्रत्येक उपायाची वाट बंद करतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली आयरिन ही पद्धत तबकडीला स्पर्श न करता तिच्या खाचांची सूक्ष्म छायाचित्रे घेते व त्यांतून ध्वनी उभा करते, आणि अशा पद्धतीने तुकड्यांतूनही गाणे वाचता येते. त्यासाठी तुकडे जसेच्या तसे, कडा एकमेकींवर घासणार नाहीत अशा रीतीने आम्लरहित कागदात वेगवेगळे गुंडाळून, सपाट डब्यात आडवे ठेवावेत आणि लहानसा कपचाही फेकून देऊ नये.